कार्डावरचं कुंकू

ग्राफिक्स कार्डांना नावं देणारा जो कोणी महाभाग असेल, त्याला एकदा गुरुवारी सकाळी माझ्या काउंटरमागे उभा करावा, ही माझी फार वर्षांची इच्छा. ती काही पुरी झाली नाही. गुडघ्यांनी दगा दिला आणि गेल्या वर्षी दुकान बंद केलं. राग मात्र बंद झालेला नाही. या अंकासाठी 'धंद्यातले गोड अनुभव लिहा' असा फोन आला, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की माझ्याकडे गोड काही नाही, तिखट चालणार असेल तर बोला. चालेल म्हणाले. आता भोगा.

निगडीत माझं दुकान होतं. सत्तावीस वर्षं. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचे, हा धंदा. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे रविवारी मी माशा मारायचो आणि गुरुवारी पाणी प्यायला सवड नसायची. भोसरीचा फिटर, चाकणचा सुपरवायझर, तळवड्याचा आयटीवाला, सगळे एकाच दिवशी हजर. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "काका, लाल घेऊ का हिरवं?"

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची एक जाडजूड वस्तू, वर दोन-तीन पंखे. पडद्यावर चित्र उभं करायचं काम ती करते. तिची स्वतःची वेगळी मेमरी असते. ही मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. ओटा मोठा असला म्हणून स्वयंपाक रुचकर होत नाही, पण वीस माणसांचं जेवण आणि ओटा वीतभर, तर सुगरण तरी काय करणार? अशी कार्डं करणाऱ्या मुख्य कंपन्या दोन. एकीचा डबा हिरवा, दुसरीचा लाल. नावं लिहीत नाही, वकील मला परवडत नाही.

महागडं कार्ड विकायला अक्कल लागत नाही, आणि अगदी स्वस्तातलं कोणी विचारून घेत नाही. सगळा चिखल मधल्या भावात. तिथे गिऱ्हाइकाची ऐपत ठरलेली असते आणि कंपन्यांना नेमकं त्यालाच फसवायचं असतं. नव्या नंबराचं कार्ड जुन्या नंबरापेक्षा मंद निघतं. लाल कार्ड स्वस्तात जास्त मेमरी देतं, पण काही सॉफ्टवेअरशी त्याचं जमत नाही. हिरवं कार्ड सगळ्यांशी जमवून घेतं आणि त्याचे पैसे लावतं. इथवर मी समजू शकतो. धंदा आहे. पण एकाच नावाची दोन कार्डं काढायची, याला काय म्हणायचं? डब्यावर मोठ्या अक्षरात तेच नाव, तोच नंबर, तेच चित्र. आत एकात बारा जीबी मेमरी, दुसऱ्यात आठ. फरक कुठे लिहिलेला, तर डब्याच्या कडेच्या स्टिकरवर, तांदळाएवढ्या अक्षरात. आमच्याकडे दुधात पाणी घालणाऱ्यालासुद्धा थोडी लाज असते.

यावर उपाय म्हणून मी दुकानात दोन नियम केले होते. पहिला, तुमचं रोजचं काम पेनड्राइव्हवर घेऊन या. दोन्ही कार्डांवर तुमच्यासमोर चालवतो, डोळ्यांनी बघा आणि ठरवा. यूट्यूबवरचा पोरगा काय म्हणतो ते मला सांगू नका. दुसरा नियम, सील दुकानातच फुटणार. डबा वाचायचा, कार्ड बसवायचं, तासभर चालवायचं आणि मगच घरी न्यायचं. या नियमांपायी मी गिऱ्हाइकं घालवली आहेत. पिंपळे गुरवचे एक गृहस्थ आले होते, जमिनीचा पैसा नुकताच हातात आलेला. म्हणाले, "लाल, हिरवं तुम्ही बघा, मला लाइट सात रंगांचे पाहिजेत." काम काय करणार, म्हणून विचारलं, तर "मुलगा दहावीला आहे." मी म्हटलं, मग दिव्यांची माळ घ्या की, स्वस्त पडेल. ते तडक उठून समोरच्या दुकानात गेले. बायको म्हणायची, तुमचं दुकान चालतं हेच नवल आहे.

तर हे दोन नियम मी सत्तावीस वर्षं पाळले. मोडला एकदाच. त्या एकदाचीच ही हकिगत आहे.

वैशाली म्हणून एक मुलगी होती. मुलगी म्हणतो, तशी तिशीची, चाकणच्या पलीकडच्या एका गावातली सून. प्लास्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यातून निघतात, ते साचे कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं तिचं काम. सात वर्षं कंपनीत केलेलं. बाळ झालं, सकाळी सहाची कंपनीची बस जमेना, आणि अर्धा दिवस कामावर ठेवायला कोणी तयार नाही. नवरा संतोष चाकणला कॉन्ट्रॅक्टवर, शिफ्ट फिरती. तेव्हा तळवड्याच्या एका टूलरूमवाल्यानं, म्हणजे असे साचे तयार करणाऱ्या कारखानदारानं, तिला सांगितलं, "दसऱ्याला फाईल पाठवतो. गाडीच्या डॅशबोर्डचा साचा आहे. सोमवारी सकाळी दहाला पूर्ण डिझाइन पाहिजे. जमलं तर वर्षभराचं काम घरी देतो."

ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हाच मला आवडली, कारण तिनं लाल का हिरवं असं विचारलं नाही. ती म्हणाली, "काका, मोठा साचा उघडला की आठ जीबीत भागत नाही. कंपनीत बघितलंय मी. बारा लागतील. बजेट एवढं एवढं आहे. आता कोणतं ते बघू."

मी नियमाप्रमाणे पेनड्राइव्ह मागितला. ती हसली. "कंपनीच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात काका, फाईल कुठून आणू? पण मी एक बनवलंय." तिनं घरातल्या जुन्या लॅपटॉपवर सासूबाईंच्या मिक्सरच्या झाकणाचा साचा काढून आणला होता. पट्टीनं मापं घेऊन. अख्ख्या आयुष्यात एवढं चोख गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

दुकानात डेमोसाठी ठेवलेली दोन कार्डं होती, दोन्ही बारा जीबीची. गुरुवारच्या गर्दीत तिला स्टुलावर बसवून मी दोन्ही चालवून दाखवली. गेम खेळायचे असते तर डोळे मिटून लाल दिलं असतं, भाव कमी होता. पण तिच्या सॉफ्टवेअरमध्ये साचा मधून कापून बघितला की लाल कार्डावर कडांच्या रेघा लुकलुकत होत्या, दोन तर गायबच होत होत्या. हिरव्यावर स्वच्छ. साच्याच्या कामात रेघ गायब होऊन कसं चालेल? हिरवं ठरलं. बजेटमध्ये बसवायला आम्ही बाकी सगळीकडे कात्री लावली. कॅबिनेट जुनं, मॉनिटर घरचा, आणि तिचा नवा मोबाइल रद्द. "मोबाइलनं साचा निघत नाही," ती म्हणाली.

पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरकडून कार्ड आलं नेमकं खंडेनवमीच्या सकाळी. त्या वर्षी खंडेनवमी गुरुवारी आली होती. दुकानात ही गर्दी. वैशाली आली, सोबत तिचे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. सत्तरीचे, पांढरी टोपी, हात खरबरीत. मी डबा काउंटरवर ठेवला आणि सीलला कटर लावणार, तेवढ्यात आबांनी माझा हात धरला.

"पाव्हणं, सील नगं फोडू."

मी म्हटलं, आबा, दुकानाचा नियम आहे, लावून बघायला लागतं.

"नियम आसंल वं. पर आमच्यात कोरं हत्यार देवापुढंच उघडत्यात. ट्रॅक्टर आणला तवा शोरूमवाल्याला बी प्लास्टिक काढू दिलं न्हाई. उद्याच्याला सूनबाई यावर पोट भरनार. मग हे हत्यारच हाय का न्हाई?"

 कुळवाला आणि कोयत्याला हळद-कुंकू लावणारा म्हातारा सुनेच्या कॉम्प्युटरच्या भागाला हत्यार म्हणतोय, याचं मला कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू? पण कौतुकाबरोबर घाईही होती. मागे सहा जण उभे होते. चष्मा कपाळावर होता. तो डोळ्यांवर ओढायला आणि डब्याची कड फिरवून बघायला किती वेळ लागतो? सील न फोडताही ते वाचता येत होतं. मी वाचलं नाही.

निघताना वैशालीनं विचारलं, "काका, बाराचंच आहे ना?"

मी म्हणालो, "अगं, पंचवीस वर्षं हेच करतोय मी."

त्याच संध्याकाळी एकजण हिरव्या कार्डासाठी हटून बसला. नवा माल शिल्लक नव्हता, तेव्हा मी डेमोचं कार्ड त्याला देऊन मोकळा झालो. हेही लक्षात ठेवा.

दसऱ्याला कार्ड बसवायला मी स्वतः त्यांच्या गावी गेलो. देवापुढे विळा, कोयता, संतोषचे पाने-पक्कड, आणि मधोमध ग्राफिक्स कार्ड. आबांनी ओल्या बोटानं पंख्याच्या मधोमध कुंकू लावलं होतं आणि मागच्या पत्र्यावर हळद. मी हसत हसत ब्रशनं पंखा साफ केला, खालचे सोनेरी दाते खोडरबरानं पुसले, कार्ड बसवलं. यंत्र सुरू झालं. मिक्सरचं झाकण झटक्यात उघडलं. कार्डाची मेमरी बघायला आणखी दोन क्लिक लागतात. वैशालीच्या सासूबाईंनी आतून हाक मारली, श्रीखंड वाढलंय म्हणून, आणि मी जेवायला बसलो.

शनिवारी दुपारी फोन आला. "काका, डॅशबोर्डचा साचा उघडला की मशीन बंद पडतंय. मेमरी आठच दाखवतेय."

मी म्हणालो, शक्य नाही. असं म्हणूनच गाडी काढली. गेल्यावर डबा घेतला, चष्मा डोळ्यांवर घेतला, कड फिरवली. आठ. तांदळाएवढ्या अक्षरात, पण स्पष्ट, आठ.

तिथूनच डिस्ट्रिब्युटरला फोन लावला, स्पीकरवर. मी बारा जीबी सांगितलं होतं. तो म्हणाला, "नाव तेच आहे ना? बिलावर नावच असतं." मी म्हटलं, बदलून दे, आजच्या आज. तो म्हणाला, कार्डाचे फोटो पाठवा. पाठवले. दोन मिनिटांनी त्याचा आवाज एकदम मोकळा झाला.

"हे लाल डाग कसले? लिक्विड गेलंय आत. सील फुटलेलं, वर फिजिकल डॅमेज. हे आता कोणीही परत घेणार नाही."

मी त्याला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. कुंकवाच्या बोटाला तो डॅमेज म्हणत होता. त्या डागानं कार्डाला काडीचाही फरक पडला नव्हता, कार्ड ठणठणीत चालत होतं, ते मुळात चुकीचं होतं, एवढाच प्रश्न होता. पण त्याला निमित्त मिळालं होतं. शेवटी "सोमवारी बघू" म्हणून त्यानं फोन ठेवला.

वळून बघतो तर आबा दारात उभे. सगळं ऐकलेलं. म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला होता.

"पाव्हणं, माज्या कुंकवानं बिगाडलं का वं?"

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग कशानं? आणि त्याचं उत्तर माझ्या कपाळावरच्या चष्म्यात होतं. मी म्हणालो, "बघू आबा, आता काय करता येतं ते." आबांनी दोन्ही हात धोतराला पुसले आणि ते बाहेर गेले. डबा वैशालीच्या हातात होता. 

माझं डेमोचं कार्ड गुरुवारीच विकून बसलो होतो. पुण्यातल्या चार दुकानांना फोन लावले. कुठे दसऱ्याची सुट्टी, कुठे माल नाही. रविवारी वैशालीनं तो साचा तुकडे करून उघडला. एक अर्धा भाग, मग दुसरा अर्धा, बाकीचे भाग लपवून. बाळ सासूबाईंकडे. काम तिनं पुरं केलं, पण दोन्ही अर्धे एकत्र बसवून कुठे काही घासतंय का, हे तिला बघता आलं नाही. दुसरी असती तर गप्प बसली असती. हिनं फाईलसोबत सरळ लिहून दिलं, 'पूर्ण साचा एकत्र तपासता आलेला नाही.'

सोमवारी टूलरूमवाल्यानं तेवढंच वाक्य वाचलं. म्हणाला, "घरी बसून असली कामं होत नाहीत, मॅडम." वर्षभराचं काम दुसऱ्याला गेलं.

मी पुण्याला जाऊन डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात अर्धा तास तमाशा केला. त्याच्याकडून पुन्हा खिळासुद्धा घेतला नाही. ज्याला त्याला सांगत सुटलो, त्या माणसानं एका पोरीचं काम घालवलं. कंपन्यांना शिव्या, यूट्यूबवाल्यांना शिव्या, तांदळाएवढी अक्षरं छापणाऱ्याला शिव्या. सगळ्या रास्त होत्या. दहा दिवसांनी बारा जीबीचं कार्ड मिळवून मी ते वैशालीकडे पदरमोड करून बसवून दिलं आणि आठवालं स्वतःच्या मशीनमध्ये घातलं. तिला म्हणालो, "काय नालायक लोक असतात बघ." ती म्हणाली, "हो काका." पुढचे आठ महिने ती बाटल्यांची बुचं आणि डब्यांची झाकणं करत राहिली, मिळेल त्या भावात. मग तळवड्यालाच एका लहान टूलरूमनं तिला नीट काम दिलं.

पुढच्या खंडेनवमीला तिनं मला घरी बोलावलं. दार उघडंच होतं. देवापुढे विळा, कोयता, पाने, सगळ्यांना हळद-कुंकू लागलेलं. बाहेर ट्रॅक्टरला झेंडूचा हार. आतल्या खोलीत वैशालीचं मशीन चालू, ती पाठमोरी कामात. आबा कुंकवाचं ताट घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले, तिथेच थांबले. लांबूनच मशीनला मान लवून नमस्कार केला आणि ताट घेऊन मागे फिरले.

ते बघून मला राहवेना. मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि म्हणालो, "आबा, तुमच्या कुंकवानं काही झालं नव्हतं. डबाच चुकीचा होता आणि मी तो वाचला नव्हता. चूक माझी होती."

आबांनी ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"तुमी गेला त्याच सांजंला. सूनबाईनं डबा वाचून दावला. म्हनली, आबा, तुमचं काय बी न्हाई, काकांनी बघितलं न्हाई."

मी म्हणालो, "मग आत्ता लांबून नमस्कार का?"

"त्यो तुमचा मानूस फोनवर म्हनला न्हाई का, डाग पडला की परत घेत न्हाईत. आता तिचं काम हाय त्यावर. आपल्यामुळं कुनाला निमित नगं." मग म्हणाले, "सूनबाई म्हनली व्हती, काका सोताहून येऊन सांगत्याल, आपुन इचारायचं न्हाई. म्या म्हनलं, ठीक. वरीस झालं आज."

 आबा पुढे म्हणाले, "आन मला कशापायी सांगताय? काम तिचं गेलं. तिला सांगा."

मी आत गेलो. पडद्यावर कुठल्यातरी मोठ्या भागाचा साचा होता, पूर्ण, दोन्ही अर्धे जुळलेले. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि सांगितलं. डब्याचं, चष्म्याचं, डेमोच्या कार्डाचं, सगळं. आयुष्यभर दुसऱ्यांवर ओरडलो, त्यामुळे हे बोलताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तिनं फाईल सेव्ह केली. मग खुर्ची वळवली आणि म्हणाली, "चहा ठेवते काका."

हा लेख मी त्याच आठ जीबीच्या कार्डावर लिहितोय. लिहायला आठ फार झाले. पंख्याच्या मधोमध कुंकवाची लालसर कड अजून आहे, ब्रशनं पुरती निघाली नाही. पुण्याच्या त्या माणसावर माझा राग आहे तो मरेपर्यंत राहील, आणि कार्डांना नावं देणाऱ्यावरही. पण त्या दिवशी वैशालीनं मला एक सणसणीत शिवी हासडायला हवी होती. तिनं चहात साखर किती टाकू, एवढंच विचारलं.